राऊत सरांचे डोळे

आमच्या घरात ज्या दिवशी प्रिंट वाळत टाकलेले असत त्या दिवशी फोडणी बंद. तेलाची वाफ फोटोवर बसते आणि मग त्यावर रंग धरत नाही, हा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, शोध होता आणि त्यांच्या शोधांवर घरात अपील चालत नसे. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये खाली स्टुडिओ, वर आमच्या दोन खोल्या, आणि पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेल्या दोऱ्या. त्या दोऱ्यांना कपड्यांचे चिमटे लावून माणसं लटकत असायची. उपवर मुली, पदवीधर, निवृत्त फोरमन, कुणाचे वारलेले मामा. त्यांच्याखालून वाकून जात आम्ही जेवायला बसायचो आणि ताटात काय, तर पेज, मीठ आणि कच्चा कांदा. आई जांभूळ गावची, शेतकऱ्याची लेक. फोडणीशिवायचं जेवण म्हणजे तिच्या लेखी आजाऱ्याचं जेवण. ती वर लटकलेल्या मुलींकडे हात करून म्हणायची, "लोकांची लगना व्हायची म्हनून आमी पेज खायाची!" अण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करत. रविवारी समोरच्या गॅलरीतली सिंधी दादी डाळ-पकवानाची ताटली माझ्या हातात द्यायची आणि अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "ले जा मंदा, तेरे पप्पा का तो दिमाग खराब है." तिचं म्हणणं मला त्या वयात सोळा आणे पटत होतं. आजही बारा आणे पटतं.

आमच्या शेजारी पट्ट्यांची बकलं ठोकणारा एक कारखाना होता. कारखाना कसला, एक खोली, एक प्रेस मशीन आणि तीन माणसं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ते मशीन ठोका घालायचं आणि प्रत्येक ठोक्याला आमची भिंत, भिंतीला टेकलेलं माझं टेबल आणि टेबलावरची शाईची बशी हलायची. माझं काम होतं रीटचिंगचं. गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण बुजवायचे, मुलींचे काळसर गाल उजळायचे, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे मिटलेले डोळे उघडायचे. हे सगळं दोन ठोक्यांच्या मध्ये. ठोका पडला की ब्रश उचलायचा, थांबला की टेकवायचा. पुढे त्या मशीनला सुट्टी असली की माझा हात उलट जास्त थरथरायचा. परवा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, तुम्ही फारच स्थिर बसता. मी त्यांना बकलाच्या मशीनचं सांगायला गेले, पण त्यांना पुढचा पेशंट घ्यायचा होता.

फोटोग्राफर म्हणजे लग्नं, असं लोकांना वाटतं. अण्णांना लग्नांचा तिटकारा होता. लग्नात माणसं हलतात, हे त्यांचं म्हणणं. त्यांना दोनच प्रकारची कामं मनापासून आवडत. एक, स्टुडिओत बसवून काढलेला एकट्या माणसाचा फोटो. त्यात ते माणसाची हनुवटी दोन बोटांनी धरून इकडून तिकडे वळवत, एखादी बाई भाजीवाल्याकडे दुधी निवडते तशी. अंबरनाथच्या कारखान्यातले अधिकारी निवृत्त होताना अण्णांकडेच यायचे, आणि एकदा तर एक फोरमन आपलं हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता, तो फोटो अण्णांनी दुकानाच्या काचेत कायमचा लावला. दुसरं आवडतं काम कॉलेजांचं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या कॉलेजांची माहितीपत्रकं, मासिकं, वर्गांचे आणि शिक्षकांचे ग्रुप फोटो. कॉलेजचं आवार मिळालं की अण्णांच्या अंगात यायचं. प्रयोगशाळेचा फोटो हवा असेल तर ते घरून काचेचा चंबू न्यायचे आणि त्यात कोरा चहा भरायचे, कारण कॉलेजच्या रसायनांना म्हणे फोटोत तेज नाही. मुलं लाजायची, म्हणून चंबू हातात धरायला मला न्यायचे. तीन वेगवेगळ्या कॉलेजांच्या माहितीपत्रकांत मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी म्हणून चहाकडे टक लावून बघते आहे, आणि मी बारावी कॉमर्स.

ग्रुप फोटोचे त्यांचे नियम तर विचारू नका. उन्हाची दिशा, खुर्च्यांची रांग, कोणाचा बूट कोणाच्या बुटाच्या पुढे येता कामा नये, आणि शेवटी तो ठरलेला हुकूम: "चष्मे काढा! काच चमकते!" प्राचार्य असोत नाहीतर संस्थेचे अध्यक्ष, चष्मा काढल्याशिवाय अण्णा काळ्या कापडाखाली शिरत नसत. मग तीन निगेटिव्ह काढायच्या. त्यांतली चांगली निवडायची, आणि तिच्यात कोणाचे डोळे मिटलेले असतील तर बाकीच्या दोन बघून मी ते प्रिंटवर ब्रशने उघडायचे. मग त्या प्रिंटचाच पुन्हा एक फोटो काढायचा, म्हणजे ब्रशची खूण राहत नाही. हे फक्त आम्हा घरच्यांना ठाऊक. दुकानावर मात्र ठळक अक्षरांत पाटी होती: 'आमच्या फोटोत डोळे मिटत नाहीत.' लोकांना वाटे, अण्णांच्या बोटांतच काही जादू आहे, बरोबर क्षणाला बटण दाबतात. अण्णांनाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं. जादू माडीवर पेज खात बसली होती, ते कोणाला माहीत नव्हतं.

त्या वर्षी अंबरनाथच्या एका कॉलेजच्या शिक्षकांचा ग्रुप फोटो अण्णांनी काढला. चौदा माणसं. मी गेले नव्हते. परीक्षेच्या अर्जांना लावायच्या फोटोंचा ढीग पडला होता, मी वरच होते. अण्णा आले ते खुशीत. दोन विभागप्रमुखांमध्ये मधल्या खुर्चीवरून कशी जुंपली आणि आपण ती कशी सोडवली हे त्यांनी आईला दोनदा सांगितलं. मग मला म्हणाले, "डावीकडून चौथे बघ. नवीन सर आहेत, राऊत म्हणून. काय बसलेत! मी बोलेन तिकडे बरोब्बर मान. हलणं नाही, चुळबूळ नाही. बाकीच्यांनी शिकावं त्यांच्याकडून." निगेटिव्ह धुतल्या, प्रिंट आला, मी टेबलावर घेतला. डावीकडून चौथे, साधारण तिशीचे, ताठ बसलेले, आणि डोळे मिटलेले. दुसऱ्या निगेटिव्हमध्ये पाहिलं, मिटलेले. तिसऱ्यात पाहिलं, तरी मिटलेलेच. माझं डोकंच फिरलं. एवढा ताठ बसणारा माणूस तिन्ही वेळा डोळे मिटतोच कसा? खाली ओरडून अण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग उघड की! पाटी काय वाचायला लावलीय?" माझ्यापुढे नमुना नव्हता. मी मनानेच काढले. दोन तिळांएवढी जागा, पण अर्धा दिवस गेला. झाल्यावर माझं मलाच आवडलं. माणूस एकदम जागा झाला होता. अण्णांनी भिंग लावून पाहिलं आणि नुसतं "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडून "हं" म्हणजे शाल-श्रीफळच.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं, ते असं. फोटो कॉलेजात पोचला. तिथल्या तेरा शिक्षकांना आणि प्राचार्यांना त्यात काय झालं आहे ते पहिल्या नजरेत दिसलं. राऊत सर जन्मापासून आंधळे. इतिहास शिकवायचे, अंधांसाठी राखलेल्या जागेवर वर्षभराच्या बोलीने लागले होते. फोटोच्या दिवशी एका सहकाऱ्याने हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं होतं, पांढरी काठी खुर्चीखाली सरकवली होती, आणि अण्णांचा हुकूम सुटल्यावर त्यांनी इतरांबरोबर आपला काळा चष्माही काढून खिशात ठेवला होता. आवाज येईल तिकडे मान वळवणं हे तर त्यांचं रोजचंच. अण्णांनी सगळं पाहिलं होतं, बूट, खुर्च्या, ऊन, सगळं. आता कॉलेजात कोणीतरी म्हणायला हवं होतं की अहो, हे बदला. पण तेराच्या तेरा जण एकमेकांना म्हणाले, चांगले दिसतायत की, आणि फोटो मासिकात छापून टाकला. ज्यांचा फोटो, त्यांना कोणी सांगितलंच नाही. आज इतक्या वर्षांनी लिहितानासुद्धा त्या तेरा जणांना रांगेत उभं करून एकेकाला विचारावंसं वाटतं.

दोन महिन्यांनी संस्थेकडे एक निनावी अर्ज गेला. हा माणूस आंधळा नाही, खोट्या दाखल्यावर राखीव जागा अडवून बसला आहे, पुरावा म्हणून कॉलेजच्याच मासिकाचं पान सोबत जोडलं आहे. त्याच सुमारास सरांना कायम करायचं की काढायचं हे ठरणार होतं. त्या जागेवर कोणाचा तरी भाचा डोळा ठेवून होता असं नंतर लोक म्हणाले, पण भाचा कोणाचा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सरांना समितीपुढे बोलावणं आलं. आणि एका बुधवारी सकाळी ते रिक्षाने एकटे कॅम्प चारमध्ये आले, आणि दादीला विचारून त्यांनी आमच्या दुकानाच्या पायरीला काठी लावली.

मी तेव्हा जिन्यात होते, हातात ओला ब्रश. खाली अण्णांनी तोंडभरून "या, बसा" केलं आणि मग त्यांना काठी दिसली. सर खुर्चीत बसले. म्हणाले, "मी राऊत. तुम्ही माझा फोटो काढलाय. लहानपणापासून लोक माझे डोळे उघडायला बसलेत हो. मिरजेला नेलं, मुंबईला नेलं, एका बाबांनी मध घातला, तो आठवडाभर चिकटला. कोणाला जमलं नाही. तुम्हाला जमलं." अण्णांना वाटलं, हे कौतुक आहे की काय. ते हसायला लागले तेवढ्यात सरांनी अर्जाचं सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, पण प्रत्येक वाक्य टेबलावर ठेवल्यासारखं ठेवत होते. "शनिवारी सभा आहे. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या, की डोळे नंतर काढलेत. तेवढ्याने माझं काम होईल."

अण्णांनी काय म्हणावं? ते उभे राहिले, काचेतल्या फोरमनकडे बघितलं आणि म्हणाले, "सर, आमच्याकडे असलं काही होत नाही. कॅमेऱ्याला जे दिसलं ते आलं."

 सर उठताना म्हणाले, "म्हणजे कॅमेऱ्याला एकट्यालाच दिसलं म्हणायचं." काठीने पायरी शोधली आणि गेले. शेजारचं मशीन ठोके घालतच होतं. मी जिन्यात उभी राहिले आणि एक पायरीसुद्धा खाली उतरले नाही. अण्णांवर मी त्या दिवशी इतकी संतापले ते खरं, पण त्यातला निम्मा संताप माझाच माझ्यावर होता. तोंड होतं, चूक माझ्या हातची होती, आणि मी ब्रश वाळवत उभी.

दुपारी जेवताना मी विषय काढला. प्रिंट नव्हते, घरात फोडणीचा वास होता, आईने सुकटीची चटणी केली होती आणि कोणाचंच जेवणात लक्ष नव्हतं. मी म्हटलं, "अण्णा, त्यांची नोकरी जाईल."

"मग दाखला आहे ना त्यांच्याकडे? दाखला दाखवू दे."

"दाखला खोटा आहे असंच तर अर्जात लिहिलंय."

"आणि मी लिहून दिलं तर काय होईल ते कळतं का तुला?" अण्णांनी ताट सरकवलं. "उद्या सगळा कॅम्प म्हणेल, हा डोळे रंगवून देतो. कोपऱ्यावर रंगीत लॅब आलीय, एका तासात फोटो देतात. आपल्याकडे काय आहे? एक तो शब्द आहे पाटीवर. तोच गेला तर बकलं ठोकायला जाऊ?"

त्यांचा आवाज जरा फुटला. मला वाईट वाटलं आणि त्याचाही राग आला. चुकीच्या माणसाबद्दल चुकीच्या वेळी वाईट वाटणं ही माझी जुनी खोड आहे. मी विचारलं, "तुम्हाला खरंच कळलं नव्हतं? समोर बसले होते ते!" अण्णा म्हणाले, "चौदा माणसं होती," आणि हात धुवायला उठले.  आई चटणीची वाटी झाकता झाकता मला म्हणाली, "डोळं कोनी काढलं?"

"मी."

"मंग बापूस कशाला पायजे लिवून द्यायला? तू जा. भाकर बांधून देते."

शनिवारी सकाळी अण्णा सोनिवलीच्या बाजूला एका नव्या शाळेच्या इमारतीचे फोटो काढायला गेले. मी डार्करूममध्ये शिरले आणि मूळ निगेटिव्हवरून सरांच्या एकट्याच्या चेहऱ्याचे दोन प्रिंट काढले, पोस्टकार्डाएवढे, डोळे जसे होते तसे. ते ओलसरच दोन टीपकागदांत घातले. तिन्ही निगेटिव्ह घेतल्या, माझा ब्रशांचा डबा घेतला, आईने दिलेली तांदळाची भाकर घेतली आणि अंबरनाथची रिक्षा धरली. अण्णांना न सांगता घराबाहेर नेलेली ही माझी पहिली वस्तू. हे अण्णांना संध्याकाळी कळलं आणि त्यानंतर पंधरा दिवस ते माझ्याशी आईमार्फत बोलले. "तिला सांग, शाई संपलीय." "तिला सांग, तो प्रिंट उलटा वाळतोय." मी समोर तीन फुटांवर बसलेली. आई वैतागून एकदा म्हणाली, मी काय पोस्टात कामाला हाय? पण हे सगळं नंतरचं.

सभेच्या खोलीत पाच माणसं होती, त्यांतली मुख्य बोलणारी दोनच. प्राचार्य आणि संस्थेचे अध्यक्ष. अध्यक्ष अंबरनाथच्या कुठल्याशा कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, दांडगा आवाज, आणि त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर त्यांचाच मोठा फोटो, आमच्या स्टुडिओतला. राऊत सर समोर खुर्चीवर बसले होते. काळा चष्मा त्यांनी काढून हातात धरला होता. मी दारात उभी राहून सांगितलं की फोटोच्या कामाची मी. शिपायाने आत सोडलं. अध्यक्ष तेव्हा म्हणत होते, "हे बघा राऊत, आमचं तुमच्याशी काही वैर नाही. पण दाखला काय, कोणीही आणतो. फोटो कसा खोटा असेल?" कोपऱ्यातले एक गृहस्थ म्हणाले, "आणि डोळे काय, आत्ता मिटून बसता येतात." मला वाटलं, मी इथेच किंचाळेन. माणूस समोर बसला होता. हात लांब केला असता तर हाताला लागला असता. आणि पाचही जण टेबलावर वाकून मासिकाच्या पानावरचे तीळ बघत होते.

मी म्हटलं, "तो फोटो खोटा आहे. डोळे मी काढलेत." आणि निगेटिव्ह त्यांच्यापुढे धरल्या. अध्यक्षांनी एक घेतली, उलटी धरली, खिडकीकडे केली, पुन्हा सुलटी केली. "यात तर सगळेच भुतासारखे दिसतायत. यातून काय कळणार?" प्राचार्य म्हणाले, "कळत नाही खरं." म्हणजे प्राचार्यांनासुद्धा, जे रोज सरांना जिन्यावरून हात धरून चढताना बघत होते. मग मी खुर्ची ओढली, न विचारता बसले, डबा उघडला, जिभेवर ब्रशचं टोक केलं आणि एक प्रिंट टेबलावर ठेवला. म्हटलं, असे दोन आणलेत, त्यातला हा रंगवते, बघा. कोणी ठोके घालत नव्हतं, त्यामुळे हात जरा थरथरला, पण जमलं. आधी वरच्या पापणीची कड. मग पांढरं. मग बुबुळ, आणि बुबुळात उजेडाचा एक ठिपका, तो ठेवला की नजर येते. डावा झाला, उजवा झाला.  माझ्यापुढे फोटोतले राऊत सर अध्यक्षांकडे बघायला लागले होते.

अध्यक्षांनी प्रिंट उचलला. मासिकाच्या पानाशी लावला. मग एकदम मान वळवून स्वतःच्या डोक्यामागच्या भिंतीकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं, "आणि हा?"

आता खोटं बोलायला मी आले नव्हते. म्हटलं, "तुमचे डोळे तुमचेच आहेत, साहेब. फक्त केस थोडे पुढे आणलेत. आणि हनुवटीखालची एक घडी काढलीय."

त्यानंतर सभा फार लवकर संपली. अध्यक्ष म्हणाले, प्रश्न मिटलेला आहे, अर्जात तथ्य नाही, राऊत यांना कायम करावं, पुढचा विषय घ्या. रंगवलेला प्रिंट त्यांनी फाइलमध्ये ठेवून घेतला. कोणी सरांची माफी मागितली नाही. एका माणसाची नोकरी वाचली ती त्याच्या आंधळेपणामुळे नाही आणि खरेपणामुळेही नाही, अध्यक्षांना आपल्या केसांची चर्चा नको होती म्हणून. हे मला तेव्हाही चीड आणत होतं, अजूनही आणतं.

बाहेर व्हरांड्यात सर काठी टेकून माझी वाट बघत उभे होते. माझ्या चपलांचा आवाज आल्यावर म्हणाले, "त्या दिवशी जिन्यात तुम्हीच होतात ना? ब्रशच्या शाईचा वास येत होता." मी हो म्हटलं. चुकलं, असंही म्हटलं.  ते चार पावलं चालले आणि थांबले.

"एक विचारू? ते डोळे कोणाचे दिलेत मला?"

कोणी हे विचारेल असं मला वाटलं नव्हतं. मनाने काढले असं मीही समजत होते. पण मनात तरी ते कुठून येणार? मी दहा-बारा वर्षांची असल्यापासून अण्णा माझ्यासमोर बसायचे, काढ म्हणायचे, चुकलं की कागद फाडायचे, पुन्हा काढ म्हणायचे. न बघता काढता येतील असे डोळे मला जगात एकाच माणसाचे येत होते.

"अण्णांचे," मी म्हटलं. "माझ्या वडिलांचे."

 सर हसायला लागले. मोठ्याने, शिपाई बाहेर येऊन बघेल इतक्या मोठ्याने. "म्हणजे माझ्यापुढे दहा फुटांवर उभे राहून ज्यांना मी दिसलो नाही, त्यांचेच!"

मला हसू आलं नाही. सकाळपासून मी सगळ्यांवर चिडून झाले होते, आता या हसणाऱ्या माणसावरही चिडले. त्यांना ते बहुतेक कळलं, कारण ते एकदम थांबले आणि हात पुढे केला. "तुम्ही दोन फोटो आणलेत म्हणालात. एक त्यांनी ठेवला. दुसरा मला द्या. न रंगवलेला."

"सर, तुम्ही त्याचं काय करणार?"

"माझा आहे. माझ्याकडे ठेवणार." मी टीपकागदातून तो काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटांनी चारही कडा चाचपल्या आणि तो मला परत दिला. "याचा एक कोपरा कापा. नाहीतर उद्या कोणीतरी माझ्या हातात दुसराच ठेवील आणि म्हणेल, हाच."

डब्यात कात्री होती. मी उजवीकडचा वरचा कोपरा नखाएवढा कापला. त्यांनी त्या कापलेल्या जागेवरून अंगठा दोनदा फिरवला, फोटो खिशात ठेवला, आणि वर्गावर जायला उशीर होतोय म्हणून मला जिन्यापर्यंत हात द्यायला सांगितलं.